नोकरीचा अर्ज आणि सत्याची साक्ष



नोकरीच्या अर्जासोबत स्वतःची माहिती देणारे जे एक-दोन पानांचे टिपण जोडावे लागते, त्याला पूर्वी आपण 'बायोडाटा' म्हणत असू. आजची तरुण मंडळी त्यास 'रेझ्युमे' म्हणतात. नाव बदलले, टंकलेखन यंत्राच्या जागी संगणक आला. परंतु त्या पानापुढे बसलेल्या उमेदवाराची अडचण आहे तशीच आहे. ज्याने आपल्याला कधी पाहिले नाही, अशा माणसाला आपण कोण आहोत हे थोडक्यात सांगायचे असते, आणि त्या सांगण्यावर पोटापाण्याचा प्रश्न अवलंबून असतो.

या प्रसंगी मनुष्य दोन टोकांपैकी एका टोकाला जातो. कोणी दोन महिन्यांचा अनुभव दोन वर्षांचा करून लिहितो. कोणी याच्या उलट, नाव, पत्ता, शिक्षण आणि 'मला संधी मिळावी ही नम्र विनंती' एवढे लिहून थांबतो. आपल्या ख्रिस्ती घरांतून वाढलेल्या मुलामुलींत दुसऱ्या प्रकारचे उमेदवार पुष्कळ आढळतात. आपली स्तुती आपण करू नये, दुसऱ्याने करावी, हे नीतिसूत्रांतील शिक्षण (२७:२) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग नोकरीसाठी स्वतःचे गुण स्वतःच लिहिणे हा गर्व नव्हे काय? आणि गर्व नसेल, तर कोणत्या रेषेपर्यंत लिहावे? काय गाळले तर चालेल, आणि काय गाळले तर ती लबाडी होईल? हे प्रश्न केवळ व्यवहाराचे नाहीत, सदसद्विवेकबुद्धीचे आहेत.

कलकत्त्यास आलेले दोघे

मराठी ख्रिस्ती वाचकाच्या परिचयाच्या दोन व्यक्ती कलकत्त्यास, म्हणजे आजच्या कोलकात्यास, कोणतेही प्रमाणपत्र हाती नसताना आल्या होत्या. त्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल.

पहिली व्यक्ती विल्यम कॅरी. इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात १७६१ साली जन्मलेल्या या माणसाने जोडे शिवण्याचे काम केले होते. विद्यापीठाची पायरी तो चढलेला नव्हता. लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा त्याने स्वतःच्या कष्टाने आत्मसात केल्या होत्या. १७९३ च्या नोव्हेंबरात तो बंगालमध्ये उतरला. पुढे गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी तेथे शिक्षक हवे होते. १८०१ साली बंगाली भाषेसाठी कॅरी यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्याजवळ पदवी नव्हती. परंतु त्याच वर्षी श्रीरामपूरच्या छापखान्यातून त्यांचा बंगाली नवा करार छापून बाहेर पडला होता. (हे श्रीरामपूर हुगळीकाठचे, ज्याला इंग्रजीत सेरामपूर म्हणतात, नगरकडच्या वाचकांनी आपले श्रीरामपूर समजू नये.) केलेले काम मेजावर होते आणि ज्याला तपासायचे त्याने ते तपासावे, अशी स्थिती होती. इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचे सभासद नसल्यामुळे त्यांना प्राध्यापक न म्हणता 'शिक्षक' म्हटले गेले आणि पगार दरमहा ५०० रुपये ठरला. प्राध्यापकपद त्यांना १८०७ साली मिळाले.

दुसरी व्यक्ती पंडिता रमाबाई. आईवडील दुष्काळात गेले. भावाबरोबर पायी देश हिंडत ही मुलगी १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा तिचे वय वीस वर्षांचे होते. ती कोणत्याही शाळेत गेलेली नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने मुलीला. कलकत्त्यातील विद्वानांनी तिला प्रश्न विचारले, तिची विद्या पारखली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पदवीचा कागद दाखवून विद्या सिद्ध झाली नाही. विद्या सिद्ध झाल्यावर पदवी मिळाली.

या दोन्ही हकिकतींतून एक गोष्ट निष्पन्न होते. रेझ्युमेचा कागद कितीही सुबक असला, तरी तो परीक्षेचे निमंत्रण आहे. परीक्षेचा निकाल नव्हे. त्यावरील प्रत्येक ओळ म्हणजे 'या विषयात मला प्रश्न विचारा' असे लिहून देणे होय. ज्या ओळीवर प्रश्न विचारला असता आपली मान खाली जाईल, ती ओळ लिहू नये. आणि ज्या कामाविषयी तासभर बोलता येईल, ते काम लाजून वगळू नये.

गाळणे आणि लपवणे

मात्र येथे एक खरी अडचण उभी राहते. दोन पानांत आयुष्य मावत नाही. काही तरी गाळावेच लागते. मग गाळणे आणि लपवणे यांत भेद कसा करावा?

प्रेषित पौलाकडे पाहा. यरुशलेमेत खवळलेल्या यहूदी जमावापुढे तो आपल्या तार्ससच्या जन्माचा आणि गमलिएलाच्या चरणी घेतलेल्या शिक्षणाचा उल्लेख करतो (प्रेषितांची कृत्ये २२:३). अथेन्सच्या विद्वानांपुढे मात्र गमलिएलाचे नावही काढत नाही. तेथे तो त्यांच्याच कवींचा दाखला देतो (१७:२८). फिलिप्पैमध्ये फटके खाऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो आपण रोमी नागरिक असल्याचे सांगतो. यरुशलेमेत फटके मारण्यापूर्वीच सांगतो. मनुष्य एकच, त्याची माहिती एकच. परंतु ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता हे पाहून तो निवड करतो. या निवडीत असत्य नाही. शाळेच्या अर्जात शिकवण्याचा अनुभव आधी आणि बँकेच्या अर्जात हिशेबाचा अनुभव आधी लिहिणारा उमेदवार हेच करीत असतो.

आता त्याच पुस्तकातील हनन्या व सप्पीरा यांची हकिकत वाचा (५:१-११). जमीन विकून आलेल्या पैशांतील काही भाग त्यांनी आपल्याजवळ ठेवला. पेत्र स्पष्ट करतो की जमीन त्यांची होती, पैसाही त्यांच्याच हाती होता. सगळा देण्याची सक्ती नव्हती. अपराध घडला तो निराळा. त्यांनी अंश पुढे ठेवला आणि तो संपूर्ण आहे असे भासवले. भेदाची रेषा ही आहे. थोडे सांगणे पाप नाही. थोडे हेच सर्व आहे असे भासवणे हे पाप आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेल्याने 'बी.कॉम. द्वितीय वर्ष उत्तीर्ण' असे लिहावे. शिक्षण सोडल्याचे कारण लिहिण्याची गरज नाही. परंतु नुसते 'बी.कॉम.' लिहिले, तर वाचणारा त्याचा जो अर्थ घेईल तो खोटा असेल, आणि तो तसाच घेतला जावा हीच लिहिणाऱ्याची इच्छा असेल. दोन नोकऱ्यांमधील रिकामे वर्ष झाकण्यासाठी तारखा ओढून-ताणून जुळवणे हाही त्यातलाच प्रकार. त्या वर्षी आजारी आईची शुश्रूषा केली असेल तर तसे एका ओळीत लिहावे. त्यात कमीपणा नाही.

कॅरींच्या चरित्रातही या प्रश्नाची एक बाजू दिसते. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना राहण्याचा परवाना देत नसे. १७९४ साली कॅरी मालद्याच्या परिसरात मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक झाले आणि सरकारदरबारी त्यांची नोंद निळीचे उत्पादक अशी झाली. ते निळीसाठी देश सोडून आले नव्हते, हे उघड आहे. तथापि ती नोंद खोटी नव्हती. ते खरोखर नीळ तयार करीत होते आणि त्या पगारावर कुटुंबही पोशीत होते. इंग्लंडमधील त्यांच्या संस्थेला ही नोकरी रुचली नाही. तिने सावधगिरीचा इशारा पाठवला. कॅरींना ते लागले. परंतु मिळकत कोठे खर्च होते हे त्यांनी संस्थेपासून लपवले नव्हते.

१७९९ च्या ऑक्टोबरात मार्शमन, वॉर्ड आणि त्यांचे सहकारी एका अमेरिकन जहाजातून आले, तेव्हा त्यांची नोंद मात्र सरळ मिशनरी अशीच झाली. परिणामी कंपनीच्या मुलखात त्यांना थारा मिळाला नाही. ते डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूरला राहिले. पुढे १८०० च्या जानेवारीत कॅरीही तेथेच जाऊन त्यांना मिळाले. एका नोंदीत अंश होता, दुसरीत संपूर्ण. असत्य दोहोंतही नव्हते.

खोटी साक्ष कोणाविरुद्ध?

'एवढे-तेवढे सगळेच वाढवून लिहितात, त्यात कोणाचे काय बिघडते?' असे विचारणारे भेटतात. निर्गम २०:१६ मधील आज्ञा केवळ असत्याविषयी नाही, ती शेजाऱ्याविरुद्धच्या खोट्या साक्षीविषयी आहे. रेझ्युमेतील खोटेपणाला असा शेजारी नेहमीच असतो. ज्याने आपली दोन महिन्यांची कामगिरी दोन महिनेच लिहिली, त्याची जागा दोन वर्षे लिहिणारा घेतो. त्या गरीब उमेदवाराला आपण का मागे पडलो हे कधी कळतही नाही. परिचर्येच्या व्यवसायात आपल्या समाजाच्या अनेक कन्या आहेत. त्यांना हे अधिक समजावून सांगावयास नको. अतिदक्षता विभागाचा जो अनुभव नाही तो कागदावर लिहिला गेला, तर त्याची किंमत एखाद्या रात्री खाटेवरचा रुग्ण मोजतो.

'मी' आणि 'आम्ही'

खोटेपणाचा आणखी एक सूक्ष्म प्रकार आहे. चारजणांनी मिळून केलेले काम एकाने आपल्या नावावर लिहिणे. कॅरींनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. फोर्ट विल्यम कॉलेजातील मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याचा उल्लेख त्यांनी व्याकरणाच्या प्रस्तावनेत केला आहे. ज्याला मराठी जन्मतः येत नव्हती त्याने मराठीचे व्याकरण लिहिले, ते कोणाच्या आधाराने, हे त्या उल्लेखावरून वाचकाला कळते. भाषांतराच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना हे विशेष जाणवते. पवित्र शास्त्राच्या कोणत्याही भाषांतरामागे अनेक हात असतात, आणि मुखपृष्ठावर त्यांतले फार थोडे दिसतात.

म्हणून रेझ्युमेत 'प्रकल्प पूर्ण केला' असे मोघम लिहिण्यापेक्षा 'पाच जणांच्या गटात होतो. माहिती गोळा करण्याचा भाग माझ्याकडे होता' असे लिहावे. यात सत्य राखले जाते. शिवाय जाणत्या मालकाला अशा वाक्यावर अधिक विश्वास वाटतो, कारण ज्याला आपल्या कामाची हद्द ठाऊक आहे त्याने ते काम खरोखर केलेले असते.

विनयाचा आभास

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. काहीच न सांगणे म्हणजे विनय, ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. मत्तय २५ मधील दाखल्यात धन्याने सोपवलेले धन जमिनीत पुरून ठेवणारा दास उधळ्या नव्हता, चोरही नव्हता. तो केवळ भ्याला होता. तरी धन्याने त्याला शाबासकी दिली नाही. देवाने दिलेले कौशल्य झाकून ठेवणे हे देणाऱ्याचेच कमी लेखणे होय. रेझ्युमेतील खऱ्या गोष्टीचा उल्लेख आत्मस्तुती ठरत नाही. ती दिलेल्या दानाची पोचपावती असते.

खेड्यातील मंडळीत वाढलेला तरुण म्हणतो, 'माझ्याजवळ अनुभवच नाही.' त्याला विचारावे, 'शब्बाथ शाळेत तू किती वर्षे शिकवलेस? तरुण संघाचा हिशेब कोणी ठेवला? वार्षिक मेळाव्यात जेवणाची व्यवस्था कोणाकडे होती?' मग उलगडा होतो. दर आठवड्यास वीस मुलांना शिकवणे, पैशापैशाचा हिशेब ठेवून तो तपासून घेणे, शेकडो माणसांचे जेवण वेळेवर वाढणे, ही कामे आहेत. 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' हे उमेदवाराचे स्वतःविषयीचे मत झाले. 'तीन वर्षे तरुण संघाचा खजिनदार होतो. दरवर्षी हिशेब तपासून सभेपुढे मांडला' ही साक्ष झाली. मत मागे ठेवावे आणि साक्ष द्यावी. वाचणारा मत आपले आपण बनवील.

पूर्वायुष्याची लाजही बाळगू नये. कॅरी नावारूपास आल्यावर एका मेजवानीत कोणी अधिकाऱ्याने 'हे पूर्वी जोडे तयार करीत असत ना?' असे दुसऱ्याला विचारले. ते कानी पडताच कॅरींनी दुरुस्ती केली, की तयार नव्हे, आपण केवळ फाटके जोडे शिवून देत असू. ही आठवण त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदवली आहे.

धर्माचा रकाना

आपल्या समाजाला छळणारा एक प्रश्न टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यांत समावेश झाला; ख्रिस्ती बांधव बाहेर राहिले. म्हणून काही घरांत प्रार्थनेचे नाव एक आणि कागदावरची नोंद दुसरी, असे दुहेरी आयुष्य चालू झाले.

खासगी नोकरीच्या रेझ्युमेत धर्म लिहिण्याचे कारणच नाही. तो न लिहिणे हे लपवणे नव्हे. परंतु सरकारी अर्जावर सहीनिशी जे घोषित केले जाते, ती विचारलेल्या प्रश्नाला दिलेली साक्ष आहे. तेथे निराळे लिहिणे हे वरील कसोटीवर उतरत नाही. हे म्हणताना त्या घरांवर दगड उचलण्याचा हेतू नाही. ज्या व्यवस्थेने खरे बोलण्याची किंमत गरिबाच्या मुलाकडून वसूल केली, तिचा अन्याय मोठा आहे आणि त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने झगडणे हे सर्व मंडळ्यांचे काम आहे, एकट्या उमेदवाराचे नव्हे. सत्य सांगितले की नोकरी मिळतेच, असे आश्वासन कोणी देऊ नये. १७९९ साली त्या मिशनऱ्यांना सत्यामुळे कलकत्ता मिळाले नाही. आश्रय मिळाला तो शेजारच्या गावात. कित्येकांना असे शेजारचे गावही मिळत नाही. अशांच्या पाठीशी मंडळीने उभे राहावे.

लिहावे कसे?

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. नवख्या उमेदवारास एक पान आणि अनुभवी माणसास दोन पाने पुरेशी होतात. अलीकडचे काम आधी, जुने नंतर लिहावे. प्रत्येक कामापुढे ठिकाण, महिना व वर्ष द्यावे. शक्य तेथे आकडा द्यावा. खासगी नोकरीसाठी वैवाहिक स्थिती, जात, वडिलांचा व्यवसाय हे विचारल्याशिवाय लिहू नये. तो विवाहाचा बायोडाटा नव्हे. जाहिरात नीट वाचावी आणि तीत मागितलेले जे कौशल्य खरोखर अंगी असेल, ते तिच्याच शब्दांत लिहावे. आता मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी पुष्कळदा संगणक करतो आणि तो शब्द जुळतात की नाही हेही पाहतो. भाषांच्या बाबतीत 'वाचता येते', 'बोलता येते', 'लिहिता येते' असे वेगळे लिहावे. हल्ली संपूर्ण मजकूर यंत्राकडून लिहून घेण्याची सोय झाली आहे. यंत्र भाषा सफाईदार करते; परंतु आपण न केलेले पराक्रमही ते सहज लिहून जाते. सही आपली असल्यामुळे प्रत्येक ओळीचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल, हे ध्यानात ठेवावे. शेवटी, ज्यांची नावे संदर्भासाठी द्यायची त्यांना आधी विचारावे.

पाळकांना व धर्मगुरूंनाही एक विनंती आहे. 'हा मुलगा सद्वर्तनी असून चांगल्या घराण्यातील आहे' अशी एकाच साच्याची शिफारसपत्रे कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. पौलाने फिबीची शिफारस केली ती पाहा (रोमकरांस पत्र १६:१-२). ती किंख्रिया येथील मंडळीची सेविका आहे आणि तिने पुष्कळांना, स्वतः पौलालाही, साहाय्य केले आहे, असे तो नेमके सांगतो. अनेसिमाविषयी फिलेमोनाला लिहिताना तर तो त्याचा भूतकाळही झाकत नाही, उलट त्याने काही बुडवले असल्यास ते भरून देण्याची हमी देतो. ज्याला आपण ओळखतो त्याच्याविषयी, आणि जे आपण पाहिले तेवढेच, नेमकेपणाने लिहावे.

कागदावर न मावणारे

फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौलाने आपल्या जमेच्या बाबींची यादी दिली आहे. कूळ, वंश, आवेश, काहीच तो नाकारत नाही. यादी अचूक आहे. नंतर तो हिशेबाच्या भाषेत बोलतो आणि ख्रिस्ताच्या तुलनेत ही सारी जमा हानीच्या सदरात टाकतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (११:३०-३३) अभिमान मिरवण्याची पाळी आली, तेव्हा दिमिष्काच्या तटावरून पाटीत बसवून आपल्याला खाली सोडले होते, हा पळून जाण्याचा प्रसंग तो सांगतो. यावरून एवढे समजावे की खरी यादी करता येणे आणि त्या यादीत आपला जीव अडकून न राहणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला साधू शकतात.

आज कित्येक तरुण शंभर ठिकाणी अर्ज पाठवतात आणि बहुतेकांचे उत्तरही येत नाही. न आलेले उत्तर हा आपल्या माणूसपणावरचा शेरा आहे असे त्यांना वाटू लागते. तसे नाही. कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंची विद्या तपासली. त्याच शहरात धर्मशास्त्रांचे वाचन करताना त्यांच्या जुन्या श्रद्धेला तडे जाऊ लागले होते, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. ते त्या परीक्षकांना दिसले नाही, दिसणे शक्यही नव्हते. पुढे संपूर्ण पवित्र शास्त्र हिब्रू व ग्रीकमधून मराठीत आणण्याचे कार्य त्यांच्या हातून होणार होते, हे त्या दिवशी कोणत्या कागदावर लिहिता आले असते?

म्हणून, तरुण बंधुभगिनींनो, अर्ज करा. जे केले ते निःसंकोच लिहा, ज्यांच्यासह केले त्यांना विसरू नका, आणि जे केले नाही ते लिहू नका. कागद वाचणाऱ्याचा निर्णय नोकरीपुरता असतो; त्याहून अधिक अधिकार त्याला देऊ नका.